परत जाणारा करंट

बोरी अरब,
दिवाळीच्या आधीचा बुधवार

प्रिय दीपाताई,

जयभीम. तुझ्या निरोपाला उत्तर द्यायचं मी इतके दिवस टाळत होतो, हे आधीच सांगून टाकतो. विसरलो नव्हतो. रोज सकाळी ठरवायचो की आज लिहायचंच, आणि मग कोणाचं तरी सोयाबीन यायचं, नाहीतर एखादं काम निघायचं, नाहीतर मीच निघायचो. फोन करता आला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी 'ताई, ऐक' म्हणेपर्यंत तूच ऐकवून मोकळी होतेस. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून कागद. तू विचारलंस त्याचं उत्तर यात आहे, पण अगदी शेवटी. आधीचं वाचल्याशिवाय शेवटचं तुला पटणार नाही, तेव्हा पानं उलटवू नकोस. मला तुझी सवय माहीत आहे, लहानपणी तू कोड्याचं उत्तर आधी पाहायचीस.

मागच्या वेळी बोललो तेव्हा मी धरणावर मासे विकत होतो की लग्नातल्या बँडचे लाइट उचलत होतो, ते आता आठवत नाही. ते काही असो. सध्या मी अब्दुल गनीचाचांच्या चाळणी मशीनवर आहे, आणि बरा आहे. चाळणी म्हटल्यावर घरातली डोळ्यापुढं आणू नकोस. खोलीएवढं धूड आहे. एकीकडून शेतकऱ्याचं सोयाबीन किंवा तूर ओतायची, आतला पंखा काडीकचरा उडवतो, हलत्या जाळ्या माती, खडे, फुटका दाणा वेगळा करतात, आणि दुसऱ्या तोंडातून स्वच्छ माल पोत्यात पडतो. चाचा मशीन पाहतात. मलिकाचाची पोती शिवते आणि आम्हा दोघांना टोचून बोलते, आणि दोन्ही कामांत तिची सुई सारखीच चालते. मी पोती उचलतो, धूळ खातो, आणि चाचांच्या शेजारी बसून गावं पाहतो. या शेवटच्या कामासाठीच मी इथं टिकलो आहे. आज बोरी, परवा दारव्हा, पुढच्या महिन्यात पार फुलसावंगीपर्यंत. मला एका जागी राहायचा कंटाळा आणि या मशीनलाही. जमलं आमचं.

मशीन ज्या ट्रेलरवर बसवली आहे तो विलायती आहे. चाचांनी मुंबईकडच्या भंगारातून आणला. आपल्याकडच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला ब्रेकच नसतो, पुढच्यानं धरलं तर ती थांबते, नाहीतर देवाची इच्छा. या ट्रेलरच्या मात्र चारही चाकांना आपापला ब्रेक आहे, आणि तो चालतो करंटवर. ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकमध्ये स्टेअरिंगखाली एक डबी आहे. चाचांनी पायानं ब्रेक दाबला की ती डबी वायरीतून मागं करंट पाठवते. चाकाच्या ड्रममध्ये चुंबक आहे, ते करंट मिळाला की ड्रमला चिकटतं आणि ब्रेकचे लायनर फाकवतं, मग चाक धरतं. करंट कमीजास्त करायला डबीवर एक चकती आहे. मला हे सगळं पहिल्याच दिवशी इतकं आवडलं की दोन गावं मी ती डबीच पाहत बसलो आणि चाची म्हणाली, "ह्या पोट्ट्याले पोती उचलाले आनलं का डबी पाहाले?"

आता दसऱ्याचं सांगतो, कारण गोष्ट तिथून सुरू होते. दसऱ्याला मशीनची पूजा असते. चाचा मुसलमान, पण गिऱ्हाईक सगळ्या जातीचं, आणि ते म्हणतं, "चाचा, तुमच्या मशीनले हार नाई पडला तं आमचं सोयाबीन काय गोड होते?" म्हणून दर दसऱ्याला झेंडूचा हार, नारळ, आणि चाचीच्या हातचा शिरा. त्याआधी रंग. चाचांचा रंग म्हणजे रंगाऱ्याचा नव्हे. रंगारी दिसतं तेवढं रंगवतो, चाचा दिसत नाही तेही रंगवतात. गंज म्हणजे त्यांना घरात शिरलेला साप वाटतो. यंदा त्यांनी पोपटी रंग आणला, ट्रेलर घासून घासून नागडा केला, एकेक बोल्ट काढून खालची जागासुद्धा रंगवली, रंग वाळू दिला, आणि बोल्ट पुन्हा कसले. मशीन अशी दिसत होती की बाजारातली म्हातारी माणसं हात लावून पाहत होती. चाचा मागं हात बांधून लांब उभे. कोणी "वा चाचा" म्हटलं की म्हणायचे, "ठीक है, ठीक है," आणि दुसरीकडं बघायचे.

त्यानंतर पहिल्याच फेरीत बिनसलं. बोरीला येताना नदीच्या अलीकडं उतार लागतो. फार मोठा नाही, पण खाली वळण आहे आणि वळणाला लागून पूल. तिथं चाचांनी ब्रेक दाबला आणि ट्रेलर थांबायचं सोडून ट्रकलाच मागून ढकलायला लागला. मी शेजारी बसलेला, माझ्या मांडीवर चाचीचा भाकरीचा डबा. चाचांनी गिअर खाली टाकला, दात आवळले, ट्रक कसाबसा पुलापर्यंत नेला आणि पलीकडं उभा केला. मग खाली उतरले, रस्त्याच्या कडेला बसले आणि उजवी पोटरी चोळत राहिले. मी म्हटलं, चाचा, ट्रेलरचा ब्रेक गेला. ते म्हणाले, "नहीं बेटा. ब्रेक कू कुछ नहीं हुआ. माहा पाय गेला."

चाचांना साखर आहे, ताई. त्यांच्या मोठ्या भावाचा पाय त्यातच बधिर झाला होता आणि त्याला गाडी सोडावी लागली होती. म्हणून चाचांच्या डोक्यात हे आधीपासूनच बसलेलं. आणि झालं असं की ब्रेक पूर्ण गेलेला नव्हता. एका उतारावर धरायचा, दुसऱ्यावर नाही. सपाट रस्त्यावर एकदा छान लागायचा, लगेच पुढच्या वेळी भुसभुशीत. त्यावर चाचांचं म्हणणं, "मशीन बिघडली तं बिघडते रे. कधी चालते, कधी नाई, असं मानसाचंच होते." दवाखान्यात गेले, डॉक्टरनं डोळे मिटायला लावून तळव्याला टोचून पाहिलं, पाय दाबायला लावला, आणि सांगितलं की पायात जोर आहे, गोळ्या वेळेवर घ्या. चाचांनी गोळ्या घेतल्या, पण डॉक्टरवर विश्वास ठेवला नाही. त्यांचा विश्वास उतारावर.

मग दारव्ह्याच्या एका मेकॅनिकला दाखवलं. त्यानं चारही चाकं उघडली. लायनर जाड होते, ड्रमला कुठं ग्रीस नव्हतं. चुंबकाला बॅटरी सरळ जोडली तर चुंबकानं मेकॅनिकच्या हातातला पाना ओढून घेतला. लायनर थोडे जवळ घेऊन त्यानं चाकं बंद केली आणि हात पुसत म्हणाला, "माल एकदम ओके. आता चालवनाऱ्याचं पाहा." तो सहज बोलला असेल, पण चाचांचा चेहरा उतरला तो उतरलाच. परत येताना त्यांनी डबीवरची चकती पार शेवटापर्यंत फिरवून ठेवली, तरी ब्रेक तसाच.

त्या दिवशी जेवताना चाचा म्हणाले, "ये सीझन आखरी. दिवाळीनंतर स्टेअरिंगवर तू बस. तेरे पास हेवी का लायसन है." खोटं कशाला सांगू, ताई, मला आतून बरं वाटलं. मला ती सीट हवीच होती. उंचावरून रस्ता दिसतो, पुढची गावं आधी दिसतात. पण चाचीनं भाकर वाढली आणि म्हणाली, "घ्या ड्रायव्हरसाहेब," आणि तोंड फिरवलं. चाचांनी भाकर मोडली आणि तशीच ठेवली. तीस वर्षं या माणसानं दुसऱ्याला स्टेअरिंग धरू दिलं नाही, चाची सांगते की लग्नाची वरातही त्यांनी स्वतःच चालवत आणली आणि नवरी शेजारी बसवली. सकाळी उठून पाहिलं तर चाचा कडुनिंबाच्या बुंध्याला टेकवून उजवा पाय दाबत होते. दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. मला पाहिलं की खोकायचे आणि दातवण करायला लागायचे. रोज हेच. मला ती सीट मग तेवढी उंच वाटेना.

तेव्हापासून उतार आला की चाचा मला खाली उतरवायचे. मोठा दगड घेऊन ट्रेलरच्या मागच्या चाकाजवळ चालायचं, गाडी सुटायला लागली तर चाकापुढं टाकायचा. तू हसशील, पण मी ते करत होतो. एकदा संध्याकाळी असाच चालत होतो. कडेच्या टेकडीवर सीताफळं डोळे उघडून बसलेली, मी दगड खाली ठेवला आणि दोन तोडली. हो, दगड खाली ठेवला, रागावू नकोस, उतार संपतच आला होता. तर सीताफळ खात खात मागं राहिलो, म्हणून ट्रेलर मला मागून पूर्ण दिसला. मागचे दोन्ही लाल दिवे लागलेले होते. चाचांनी ब्रेक दाबला. ब्रेक दाबल्यावर लाल दिवा अजून पेटायला पाहिजे ना? हे दोन्ही दिवे मिणमिणले. पाय सोडला की पुन्हा ठीक. विहिरीवरची मोटर सुरू झाली की गोठ्यातला बल्ब जसा मान टाकतो, तसं. मी बिया थुंकायच्या विसरलो. चाचांच्या पायाला साखर असेल, पण ट्रेलरच्या दिव्यांना कशी असेल?

मला कळलं की काहीतरी आहे, पण काय ते कळेना. अशा वेळी माणूस कोणाला फोन करतो, ते तुला माहीत आहे. लय दिवसांनी केला. एसटीच्या वर्कशॉपात ज्यानं जन्मभर गाड्यांच्या वायरी ओढल्या, त्याच्याशिवाय दुसरं कोण होतं? बाबा म्हणाले, "कोन?" मी म्हटलं, राजदीप. "कोनता राजदीप? माहावाला तं आयटीआय सोडून पयाला." मी म्हटलं, तोच. मग म्हणाले, "काय झालं थे सांग." मी चाकं, चुंबक, चकती, दिवे, सगळं सांगितलं. सीताफळाचं वगळलं. बाबा म्हणाले, "करंट येते कोठून थे सारेच पाहतेत. वापस जाते कोठून थे कोनीच पाह्यत नाई. हेडलाइटचा बल्ब घे, त्याले दोन वायरी लाव, अन् वापसीचा रस्ता पाह्य." मी बरं म्हटलं. मग म्हणाले, "कोठी हायेस?" मी म्हटलं, बोरी अरबले, बाजाराच्या मैदानात, पोपटी मशीन आहे, लांबून दिसते. "हं," म्हणाले आणि फोन ठेवला. जेवला का, कसा आहेस, काही नाही. तरी मी नंतर बराच वेळ शीळ घालत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बल्ब घेऊन ट्रेलरखाली शिरलो. बल्बाची एक वायर ट्रकच्या बॅटरीच्या प्लसला लावून ठेवली. दुसरी ट्रेलरच्या चेसिसला, म्हणजे खालच्या सांगाड्याला टेकवली, तर बल्ब आजारी, नुसती तार लाल. ट्रकमधून प्लगवाटे येणारी अर्थची, म्हणजे करंट परत नेणारी वायर तिथंच शेजारी बोल्टनं चेसिसला कसलेली होती. तिच्या टोकाच्या गोल छल्ल्याला टेकवली, तर बल्बाकडं बघवेना इतका उजेड. पुन्हा चेसिस, आजारी. पुन्हा छल्ला, सूर्य. मध्ये अंतर बोटभर! मी बोल्ट काढला. छल्ल्याच्या खाली, लोखंडाला जिथं लोखंड भेटायला पाहिजे तिथं, चाचांचा पोपटी रंग. गुळगुळीत, दोन हात दिलेला, एक फुगा नाही, एक ओघळ नाही. करंट चुंबकांपर्यंत नीट जात होता आणि वापस यायला त्याला वाटच नव्हती. थोडाफार जायचा तो ट्रेलर जोडायच्या हुकातून, ग्रीस माखलेल्या लोखंडातून, आणि दिव्यांचाही तोच रस्ता, म्हणून ब्रेक दाबला की ते मिणमिणायचे. हूक घट्ट दाबला गेला तर ब्रेक लागायचा, हलला तर नाही. म्हणून कधी चालायचा, कधी नाही, माणसासारखा.

मी चाचांना खाली बोलावलं. बोट दाखवलं आणि बल्ब दोन्हीकडं टेकवून दाखवला. चाचा खाली आडवे होऊन पाहत राहिले. मला वाटलं वाईट वाटेल, कारण रंग त्यांचा. ते म्हणाले, "पॉलिश पेपर दे." मी म्हटलं, मी घासतो. "दे इधर," म्हणाले, आणि स्वतःच तेवढी जागा घासली, लोखंड पांढरं पडेपर्यंत. बोल्ट कसला. मग उठले, धूळ झटकली आणि सरळ स्टेअरिंगवर जाऊन बसले. चाची म्हणाली, मलाही बसू द्या, आणि भाकरीचा डबा घेऊन चढली. मी दगड घेऊन खाली. मैदानात गाडी थोडी पळवली आणि चाचांनी ब्रेक दाबला. आता चकती पार शेवटाला फिरवलेली होती, ती कमी करायची कोणालाच आठवण नाही! चारही चाकं जागेवर जाम. ट्रेलरनं ट्रकला असा मागं ओढला की गाडी दणकून थांबली, धुळीचा ढग उठला आणि डबा काचेवर. बाजारातली कुत्री पळाली. ढगातून आधी चाचीचा आवाज आला, "पाय धडच होता तुमचा! डोक्यालेच रंग लावला होता!" आणि मग चाचा हसायला लागले. मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. स्टेअरिंगवर डोकं ठेवून हसत होते आणि मध्येच डोळे पुसत होते. चकती मागं घेऊन नदीच्या उतारावर नेली, वरून खाली, पुन्हा वरून खाली, गरज नसताना. मला दगड टाकून द्यायला लावला. मी तो ठेवला आहे, चुलीजवळ बसायला चांगला आहे.

दिवाळीनंतर स्टेअरिंगवर चाचाच असणार. माझी सीट गेली. काही म्हणू नकोस, मी खूश आहे. मला पाहायला खिडकी पुरते. चाची आता मला ड्रायव्हरसाहेब म्हणत नाही, मिस्त्री म्हणते, आणि काल शिरा केला होता.

आता तुझं. तू कळवलंस की बाबा बसस्टँडच्या वळणावर स्कूटरसकट भाजीवालीच्या टमाट्यांवर गेले, खरचटलं, मायनं त्या गाडीवर पुन्हा बसणार नाही म्हणून शपथ घेतली, आणि तू किल्ली काढून यवतमाळला तुझ्या कपाटात नेऊन ठेवलीस. गाडी विकून टाकू का, बाबांना आता झेपत नाही, मी सांगितलं तर ते ऐकतील, असं तू मला विचारलंस. तू वाईट केलंस असं मी म्हणत नाही. तुझ्या जागी मीही घाबरलो असतो. पण ताई, मी होही म्हणत नाही आणि नाहीही. तू त्यांना डॉक्टरकडं नेलंस, ते बरं केलंस, डोळे आणि हात ठीक निघाले हे तूच लिहिलं आहेस. मग स्कूटर कोणी तपासली? ती दोन पावसाळे पत्र्याबाहेर उभी होती. मागच्या ब्रेकची केबल कोणी ओढून पाहिली? मी रविवारी सुट्टी मागून राळेगावला घरी येतो. आधी ब्रेक पाहू. ब्रेक चांगला निघाला तर मी स्वतः बाबांशी बोलेन, शब्द देतो. तोवर गिऱ्हाईक आणू नकोस. आपल्याला झेपत नाही असं एकदा माणसाला वाटलं की तो झाडाला पाय लावून दाबत बसतो. मला तसं आपल्या अंगणात पाहायचं नाही. एवढ्यासाठी हे पत्र आहे.

थांब. रस्त्याकडून फटफट आवाज येतो आहे आणि चाची ओरडते आहे, "मिस्त्री, पाह्य नं, कोन आलं!" ताई, बाबा आहेत. स्कूटरवर! हँडलखालून दोन वायरी बाहेर लोंबत आहेत, एकमेकींना पीळ घातलेल्या. आणि मागं माय बसली आहे, मांडीवर पिशवी, पदर कानावरून गच्च बांधलेला. मैदानाच्या टोकापासून सरळ मशीनवरच येत आहेत, मी उभा राहिलो, चाचाही उभे राहिले, आणि बाबांनी ट्रेलरच्या चाकापासून हातभर अंतरावर गाडी अलगद थांबवली. थांबवायला पाय घासला नाही. माझ्याकडं पाहिलं नाही, आधी चाकाकडं पाहिलं. "केबल सडली होती," म्हणाले, "नवी टाकली. तुहा बोल्ट कोठी हाये, दाखव." माय म्हणते आहे की रस्ताभर तिनं डोळे उघडे ठेवले होते. मला जायला पाहिजे. किल्ली तुझ्या कपाटातच राहू दे, ताई, त्यांना ती लागत नाही.

तुझाच,
राजदीप